पाटाचं दारं मोडावं तसं : नोड-रेडमध्ये मेसेजला फाटे फोडायला शिकताना

उसाला पाणी पाजणारा माणूस खोरं घेऊन बांधावर उभा असतो आणि दिवसभर एकच काम करतो. एक सरी भरली की तिच्या तोंडाशी माती ओढायची आणि पुढच्या सरीचं दारं मोडायचं. पाणी तेच, पाटही तोच. कुठं जायचं ते दारं ठरवतं. आमच्याकडं नोड-रेड शिकायला बसणाऱ्या पोरापोरींना मी ‘कंडिशनल ब्रँचिंग’ (अटीनुसार वाट निवडणं) हा शब्द नंतर सांगतो, आधी हे दारं सांगतो. ते त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं.

दोन फरक मात्र पहिल्याच दिवशी सांगावे लागतात. दोन दारं एकदम मोडली तर पाणी निम्मं-निम्मं वाटलं जातं. मेसेज वाटला जात नाही, प्रत्येक फाट्यावर त्याची पुरी प्रत जाते. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. एकही दारं उघडं नसेल तर पाणी पाट फोडून बाहेर येतं आणि आपल्याला कळतं. मेसेजला एकही वाट मिळाली नाही तर तो तिथंच नाहीसा होतो. लाल खूण नाही, आवाज नाही, काही नाही. हा लेख बराचसा या दुसऱ्या फरकाबद्दल आहे.

नोड-रेड म्हणजे चित्रात प्रोग्राम मांडायचं मोफत साधन. आयबीएममधल्या निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी ते 2013 मध्ये सुरू केलं आणि त्याच वर्षी ते सर्वांसाठी खुलं झालं. मागची कल्पना त्याहून जुनी. जे. पॉल मॉरिसन यांनी 1970 च्या दशकात फ्लो-बेस्ड प्रोग्रामिंग मांडलं: काम करणारे डबे वेगळे, त्यांना जोडणाऱ्या वायरी वेगळ्या, आणि वायरीतून माहितीची गाठोडी पुढं सरकणार. नोड-रेडमध्ये डब्याला नोड म्हणतात आणि गाठोड्याला मेसेज. मेसेजमधला मुख्य ऐवज ‘पेलोड’ या प्रॉपर्टीत, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यात, असतो.

कॉम्प्युटरवर नोड डॉट जेएस (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) असेल तर एनपीएमच्या (त्याच्यासोबतच्या, प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाच्या) एका कमांडने नोड-रेड बसतं. जुना लॅपटॉप चालतो, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटरही चालतो. सुरू केल्यावर ब्राउझरमध्ये localhost:1880 हा पत्ता उघडायचा. डावीकडं नोडांची यादी, मधे कोरी जागा, उजव्या कोपऱ्यात वर ‘डिप्लॉय’ बटण. बदल केल्यावर डिप्लॉय दाबल्याशिवाय काहीच लागू होत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

उदाहरण कुठलं घ्यायचं

आपण कृष्णेचं पाणी घेऊ. आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, नदीकाठी. जुलै-ऑगस्टात इथल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं? तिथली इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या पुढं गेलं होतं. कोयनेचं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमात मिळतं, वारणेचं हरिपूरला, त्यामुळं आपल्या डोक्यावर ढग नसतानाही नदी चढते. पाणी चढायला लागलं की नदीवरच्या मोटरी वर ओढायच्या, आणखी चढलं की गोठा रिकामा करायचा. ही दोन वेगळी कामं आहेत, वेगळ्या माणसांची आहेत, म्हणून त्यांचे फाटेही वेगळे.

आकडा सरकारी यंत्रणेचाच असतो आणि इशाराही त्यांचाच मानायचा. आपला फ्लो, म्हणजे जोडलेल्या नोडांचं चित्र, फक्त तो आकडा बघून गावातल्या योग्य माणसाला योग्य निरोप पोचवतो. आमच्यात एक मुलगा फोनवरच्या साध्या फॉर्ममध्ये फूट आणि इंच भरतो. शिकताना त्या फॉर्मचीही गरज नाही.

आधी कागद

नोड ओढायच्या आधी वहीच्या पानावर फाटे काढा. नवशिक्याच्या कागदावर तीन रेघा येतात: साधारण, इशारा, धोका. मी तिथंच थांबवतो आणि चौथी रेघ काढायला लावतो: ‘तपासा’. आकडा आलाच नाही, अर्धवट आला, भलताच आला, तर तो या रेघेवर जायचा.

याला कारण आहे. माझ्या पहिल्या फ्लोमध्ये चौथी रेघ नव्हती. 480 इंचांच्या (40 फुटांच्या) खाली म्हणजे ‘साधारण’, असा सरळ नियम मी लिहिला होता. एका रात्री फॉर्म रिकामाच पाठवला गेला आणि गावाच्या फोनवरच्या गटावर निरोप गेला की पाणी साधारण आहे. त्या वेळी पाणी चढत होतं. चुलत्यांनी घाटावर जाऊन स्वतः बघितलं म्हणून मोटर वाचली. नियम चुकला नव्हता. रिकामा मजकूर आकड्याशी तुलना करताना शून्य धरला जातो आणि शून्य 480 पेक्षा कमीच आहे. तेव्हापासून चौथी रेघ मी पहिली काढतो.

फूट-इंचाचा घोळ

पातळी आपण बोलताना ‘39 फूट 6 इंच’ म्हणतो आणि टाइप करताना 39.6 लिहितो. माणसाला ते कळतं. कॉम्प्युटरला 39.6 म्हणजे 39 फूट आणि सात इंचांच्या वर. पुढच्या तासाला पाणी 39 फूट 11 इंच झालं, मुलाने 39.11 लिहिलं. पाणी पाच इंच चढलं आणि कॉम्प्युटरच्या मते उतरलं, कारण 39.11 हा 39.6 पेक्षा लहान आकडा. म्हणून फूट आणि इंच वेगळे घ्या आणि सगळा हिशेब इंचात करा. 40 फूट म्हणजे 480 इंच, 45 फूट म्हणजे 540.

दुसरा घोळ आपल्या लिपीचा. मराठी कीबोर्डवरून ‘३८’ टाइप केलं तर ते तुम्हाला-मला अडतीस आहे, तुलना करणाऱ्या नियमाला तो नुसता मजकूर आहे. ‘38 फूट’ असं लिहिलं तरी तेच. अशा मजकुराची आकड्याशी तुलना केली की लहान, मोठा, बरोबर यांपैकी कुठलंच उत्तर होकारार्थी येत नाही.

चाचणीची बटणं

डावीकडून इंजेक्ट नोड ओढा. त्याच्या डावीकडचं बटण दाबलं की एक मेसेज सुटतो. उघडून त्यात दोन प्रॉपर्टी ठेवा, रोमन लिपीत नावं द्या, एक फुटासाठी, एक इंचासाठी. असे इंजेक्ट आठ-दहा करा आणि प्रत्येकाला नाव द्या. कुठले आकडे घ्यायचे याला माझ्या लेखी सगळ्यात जास्त महत्त्व आहे. मधले आकडे सगळेच तपासतात, चूक सीमेवर असते. 32 फूट घ्या, मग 39 फूट 11 इंच, बरोबर 40, 40 फूट 1 इंच, 44 फूट 11 इंच, बरोबर 45, आणि 50. त्यानंतर बिघडलेले: दोन्ही रिकामे, देवनागरीतला ‘३८’, आणि बोट चुकून पडलेलं 400 फूट.

इंजेक्टच्या पुढं चेंज नोड. त्यात ‘सेट’ निवडून पेलोडची किंमत ठरवायची. किमतीच्या प्रकारात ‘एक्स्प्रेशन’ निवडा आणि फूट गुणिले 12 अधिक इंच असं लिहा. फूट आणि इंच दोन्हींभोवती आकड्यात रूपांतर करणारं नंबर फंक्शन घाला. देवनागरी अंक, ‘38 फूट’ किंवा रिकामा मजकूर आला की हे रूपांतर अडतं आणि मेसेज पुढं जात नाही. तिथं तो हरवू द्यायचा नाही. यादीतून कॅच नोड घ्या, तो अशी अडलेली गाठोडी उचलतो. त्याची वायर थेट ‘तपासा’च्या फाट्याला न्या.

पहिलं दारं : चाळणी

आता स्विच नोड. खालच्या ‘ॲड’ बटणाने नियम वाढतात आणि जितके नियम तितकी दारं उजव्या बाजूला दिसतात. वरच्या पट्टीत कुठली प्रॉपर्टी तपासायची ते असतं, तिथं पेलोडच राहू द्या.

या पहिल्या स्विचमध्ये दोनच नियम: ‘इज बिट्वीन’ 60 आणि 720, आणि दुसरा ‘ऑदरवाइज’. म्हणजे पाच ते साठ फुटांच्या मधला आकडा पुढं, बाकी सगळं ‘तपासा’कडं. हा एक नियम खूप काही अडवतो. शून्य आलं, 60 च्या खाली, बाहेर. 400 फूट म्हणजे 4800 इंच, बाहेर. खालची मर्यादा शून्य ठेवली असती तर चुकून शून्य भरलेला फॉर्म आत आला असता. पावसाळ्यात पाच फुटांखालचा आकडा आला तर मी तो डोळ्यांनी बघूनच मानेन, म्हणून 60.

नियमातल्या किमतीच्या डाव्या टोकाला तिचा प्रकार दिसतो. तिथं ‘मजकूर’ असेल तर ‘आकडा’ करा. दोन्ही बाजू मजकूर असल्या तर तुलना शब्दकोशासारखी होते, पहिलं अक्षर आधी. तशा हिशेबात 90 हे 480 च्या नंतर येतं, म्हणजे ‘मोठं’ ठरतं.

दुसरं दारं : पातळी

चाळणीच्या पहिल्या दारातून वायर दुसऱ्या स्विचला जोडा. इथं नवशिक्या हमखास असं लिहितो: पहिला नियम 480 किंवा जास्त, दुसरा 540 किंवा जास्त. आपण बोलताना आधी इशारा म्हणतो, मग धोका, म्हणून हाताने तसंच लिहिलं जातं.

आता नोडच्या तळाशी एक छोटी यादी आहे, तिच्याकडं बघा. तिथं दोन पर्याय आहेत: सगळे नियम तपासायचे, किंवा पहिला जुळला की थांबायचं. ‘पहिला जुळला की थांब’ असेल आणि नियम वरच्या क्रमाने असतील, तर 545 इंच आलं की पहिल्याच नियमाला ते जुळतं आणि इशाऱ्याच्या दारातून निघून जातं. धोक्याचं दारं कधीच उघडत नाही. ‘सगळे तपास’ असेल तर दोन्ही दारं उघडतात आणि लोकांना एका मिनिटात दोन निरोप जातात, एक म्हणतो मोटर काढा, दुसरा म्हणतो जनावरं हलवा. भेदरलेला माणूस त्यातला कुठला वाचेल ते सांगता येत नाही.

म्हणून मोठं वर, लहान खाली, आणि पहिला जुळला की थांबायचं. नियम असे: 540 किंवा जास्त, 480 किंवा जास्त, ऑदरवाइज. चाळणी आधी झालेली असल्यामुळं इथला ऑदरवाइज म्हणजे खरंच साधारण पाणी. चाळणी नसताना त्याच ऑदरवाइजला ‘साधारण’ जोडलं असतं तर कचरा आकडेही तिथंच गेले असते.

‘बिट्वीन’ने 480 ते 540 असा टप्पा करावासा वाटेल. त्यात दोन्ही टोकं धरली जातात हे माहीत असू द्या. बरोबर 540 आलं की ते इशाऱ्यातही बसतं आणि धोक्यातही. चाळणीला ते चालतं, पातळीला नाही.

सगळे नियम तपासायचा पर्याय निरुपयोगी नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या मोटरीची उंची वेगळी असते. एक स्विच करा, एकेका मोटरीचा एकेक नियम, आणि तिथं सगळे तपासू द्या. पाणी जितक्या मोटरींना पोचलं तितकी दारं एकदम उघडतील, आणि तेच आपल्याला हवं आहे. एका आकड्यातून एकच निर्णय घ्यायचा असेल तर थांबा, अनेकांना स्वतंत्र निरोप द्यायचे असतील तर सगळे तपासा. मी तरी असंच ठरवतो.

स्विचच्या ‘अपिअरन्स’ टॅबमध्ये प्रत्येक दाराला नाव देता येतं. द्याच. दोन महिन्यांनी उघडून बघाल तेव्हा तिसरी वायर कसली हे आठवणार नाही.

प्रत्येक दारापुढं एक चेंज नोड ठेवा, तो पेलोडमध्ये ‘धोका’, ‘इशारा’ किंवा ‘साधारण’ लिहील. पुढं डीबग नोड, तो आलेला मेसेज दाखवतो. डिप्लॉय करा आणि उजवीकडचं डीबगचं पान उघडून एकेक बटण दाबा. कागदावर प्रत्येक बटणासमोर काय यायला हवं ते आधी लिहा आणि मग दाबा. उत्तर बघून मान डोलावणं फार सोपं असतं.

तोच निरोप पुन्हा पुन्हा

तासातासाला आकडा येणार असेल तर दिवसात चोवीस वेळा ‘इशारा’ जाईल आणि लोक गट म्यूट करतील. त्यासाठी फिल्टर नोड आहे. किंमत बदलल्याशिवाय तो मेसेज सोडत नाही.

फिल्टर कुठं बसवायचा यावर मात्र सगळं अवलंबून आहे. मी शिकवलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी तीन फाट्यांवर तीन फिल्टर लावले. पाणी इशाऱ्यावर गेलं, निरोप गेला. धोक्यावर गेलं, निरोप गेला. उतरून परत इशाऱ्यावर आलं, निरोप गेला नाही. इशाऱ्याच्या फाट्यावरचा फिल्टर त्याच्यापुरता विचार करतो; त्याच्याकडं शेवटचा शब्द ‘इशारा’च होता, नवाही ‘इशारा’, मग बदल कुठं झाला? म्हणून तिन्ही फाटे चेंज नोडनंतर पुन्हा एकत्र आणा आणि एकच फिल्टर लावा. फाटे एकत्र येणं म्हणजे तीन वायरी एका नोडच्या तोंडाला जोडणं, वेगळा नोड लागत नाही. ‘तपासा’ची वायर या फिल्टरमधून न्यायची नाही. प्रत्येक खराब आकडा माणसापर्यंत पोचू दे.

पाणी सीमेवर रेंगाळलं तर वेगळाच त्रास. 479, 480, 479, 480. फिल्टरला प्रत्येक वेळी बदल दिसतो. इथं दारं मोडताना मागची आठवण लागते. तिन्ही चेंज नोडांमध्ये आणखी एक ओळ घालून ‘फ्लो’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये (आठवणीच्या कप्प्यात) आत्ताची अवस्था लिहून ठेवा. मग चाळणीनंतर एक स्विच बसवा, जो पेलोड न बघता ही अवस्था बघतो. अवस्था ‘इशारा’ असेल तर मेसेज अशा स्विचकडं जातो ज्यात 480 च्या जागी 474 आहे, ‘धोका’ असेल तर 540 च्या जागी 534 आणि 480 च्या जागी 474, बाकी सगळे नेहमीच्या स्विचकडं. चढताना 480 ला इशारा, उतरताना सहा इंचांहूनही खाली गेल्यावरच साधारण. नोड-रेड बंद पडून सुरू झालं तर ही आठवण सहसा पुसली जाते, तेव्हा मेसेज नेहमीच्या स्विचकडं जातो, ते चालतं. पहिल्या आठवड्यात हा भाग करू नका, आधीचं नीट चालू द्या.

आकडा आलाच नाही तर

स्विच नोडची एक मर्यादा कितीही नियम घातले तरी जात नाही. मेसेज आला तरच तो जागा होतो. फॉर्म भरणाऱ्या मुलाचा फोन बंद पडला, गावातली वीज गेली, नेटवर्क गेलं, तर एकही दारं उघडत नाही आणि गटावर शांतता राहते. लोक शांततेचा अर्थ ‘पाणी साधारण’ असा घेतात. पुरात वीज आणि नेटवर्क आधी जातात, म्हणजे हे अगदी नको त्या वेळी होतं.

यासाठी ट्रिगर नोड घ्या. सुरुवातीला काही पाठवायचं नाही, दोन तास थांबायचं, मग ‘आकडा आला नाही’ असा मेसेज सोडायचा. खालच्या पर्यायावर टिक करा: नवा मेसेज आला की थांबण्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून. चाळणीच्या पहिल्या दारातून दुसरी वायर काढून या ट्रिगरला द्या, म्हणजे फक्त विश्वासाचा आकडा घड्याळ मागं फिरवेल. ट्रिगरचं घड्याळ पहिला मेसेज मिळाल्यावरच सुरू होतं, म्हणून सुरुवातीलाच आपोआप एकदा सुटणारा एक इंजेक्ट फक्त त्याला जोडा. आणि ज्या कॉम्प्युटरवर हे चालतं त्याला इन्व्हर्टरची वीज मिळेल असं बघा.

ट्रिगरचा आणि कॅचचा निरोप दोन्ही ‘तपासा’लाच मिळतात. त्या वायरीच्या टोकाला कुणाचा नंबर आहे ते गावात बसून ठरवा. आमच्याकडं घाटापासून सगळ्यात जवळ घर असलेल्या दोघांचे आहेत. निरोप आला की ते बॅटरी घेऊन पायऱ्या बघायला जातात आणि आयर्विनचा आकडा स्वतः फोन करून विचारतात. निरोप बाहेर पाठवायला टेलिग्रामचे तयार नोड मिळतात, शिकताना डीबग पुरे.

सगळं जमलं की मेन्यूतून फ्लो एक्सपोर्ट करून फाइल दुसऱ्या एका घरातल्या कॉम्प्युटरवर ठेवा. चाचणीचे इंजेक्ट पुसू नका, वायर काढून बाजूला ठेवा. मृगाच्या सुमारास गटात आधी कळवून ते परत जोडायचे आणि दहाच्या दहा दाबायचे. कुणाचा फोन वाजला नाही ते त्याच दुपारी कळतं आणि नंबर दुरुस्त करायला वेळ असतो.